आत्याच्या मापाने

जालना
९ फेब्रुवारी २००३

जगन्नाथराव, नमस्कार.

पत्र लिहायची परवानगी आईने मिळवून दिली. "दोघं शिकलेले हायेत, काय ते साखरपुड्याच्या आधीच बोलून घेऊ द्या," असं ती बाबांना म्हणाली आणि बाबांनी मान हलवली. आमचा फोन बैठकीत आहे आणि बैठकीत कायम कुणी ना कुणी बसलेलं असतं. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेचा मालक गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा राहून वाचतो. म्हणून हे कागदावर.

आधीच सांगते, मी गोड लिहिणार नाही. तुम्ही मला बघायला आलात त्या दिवसाची मला अजून शिसारी येते. ती तुमची एकट्याची नाही, या सगळ्या प्रकाराची आहे. मी सत्तावीस वर्षांची, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी बाई, आणि मला "दारापर्यंत जाऊन फाटक लावून ये" असं सांगितलं गेलं. फाटक लावलेलंच होतं. तुमच्या आईंनी माझा हात हातात घेऊन एक बांगडी चढवली, ती बसली नाही, मग मोठी चढवली. मला वाटलं भेट असेल. त्यांनी ती काढून पिशवीत परत ठेवली. आमच्या आईला यात काही वावगं दिसलं नाही. मला रात्री जेवण गेलं नाही.

तरी पत्र लिहिते आहे त्याला दोन कारणं आहेत. एक, तुम्ही पोहे खाताना सरासरी आणि मध्यक यातला फरक बाबांना उसाच्या वजनावरून समजावलात, आणि मला स्वयंपाक येतो का ते विचारलं नाहीत. दोन, तुमच्या झुंबर आत्या. त्या मागे स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी बोलत बसल्या. हसताना पदर तोंडाला लावतात. मला म्हणाल्या, "मी इधवा बाई, मला शुभकार्याला कुणी नेत न्हाई. पण आमच्या वैनी चांगल्या. जिथं पोरगी बघाया जातेत तिथं मला हाताला धरून नेतेत." मग त्यांनीच माझ्याबरोबर उभं राहून फोटो काढून घेतला. त्या दिवसात तेवढंच काय ते माणसांचं वाटलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. आमच्या कॉलेजात नवे संगणक आलेत, पण संख्याशास्त्राचं काहीच नाही त्यावर. मुली अजून हातानेच आकडेमोड करतात. तुम्ही म्हणालात की 'आर' नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. ती पाठवाल का? आमच्या इथल्या इंटरनेटवर ती उतरायला आषाढ उजाडेल.

कौसल्या गाडेकर


पुणे
२० फेब्रुवारी २००३

कौसल्याताईंना (आता ताई म्हणावं की नाही?) नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात तीनदा वाचलं आणि मोठ्याने हसलो. बांगडीचं आणि फाटकाचं वर्णन तर अगदी झकास. तुम्ही विनोदी लिहिता हे त्या दिवशी कळलं नव्हतं.

सीडी सोबत पाठवतो आहे. आम्ही औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासतो, त्यासाठी ऑफिसात महागडी प्रणाली आहे, पण मी घरी हीच वापरतो. संगणकावर चढवली की एक रिकामी खिडकी उघडते. घाबरू नका, तिथे शब्द लिहून तिला काम सांगायचं असतं. मुलींना सुरुवातीला स्वतःचे आकडे भरायला लावू नका, कंटाळतील. आत आधीपासून भरलेले माहितीसंच आहेत. 'डेटा' लिहून पुढे रिकामा कंस टाकलात की त्यांची यादी समोर येते, नाव आणि एका ओळीत वर्णन. यादीत नाव दिसलं म्हणजे संच हाताशी आला असं नाही. तो मागवावा लागतो. त्याच कंसात नाव लिहायचं की तो कामाच्या जागी येऊन बसतो. मग सरासरी काढा, आलेख काढा, काय हवं ते करा.

फुलांच्या पाकळ्या आहेत, जुन्या मोटारींचे ब्रेक आहेत, वेगवेगळं खाद्य घातलेल्या कोंबड्यांची वजनं आहेत. यादीच्या अगदी तळाला 'विमेन' आहे. पंधरा ओळी, अमेरिकेतल्या तिशीतल्या बायकांची उंची आणि सरासरी वजन. सरळ रेषा शिकवायला त्याच्यासारखा संच नाही, सगळे बिंदू एका ओळीत शहाण्यासारखे उभे राहतात.

पण अमेरिकेच्या बायका आपल्या मुलींना काय कळणार? म्हणून मी सीडीत आपल्याकडचा एक संच माझ्या हाताने घातला आहे. यादीत तोही दिसेल. आत्ताच काही सांगत नाही. तुम्ही संख्याशास्त्राच्या आहात, तुम्हाला मजा येईल.

आत्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी तिला फोनवर सांगितलं. ती आमच्या गावी, अंकुशनगरला, सगळ्यांना सांगत फिरते आहे की पोरगी लाखात एक आहे.

आपला,
जगन्नाथ


जालना
६ मार्च २००३

जगन्नाथराव,

सीडी आली, चालली, आणि गेला आठवडाभर मी जेवणसुद्धा घाईत करते आहे. आमच्या कॉलेजातले जुने सर म्हणाले, "हे शिकून पोरी काय करनार, मॅडम?" मी म्हटलं, तुम्ही शिकून काय केलंत? ते आता माझ्याशी बोलत नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

पाकळ्यांचा संच मुलींना फार आवडला. रंगीत आलेख पडद्यावर आला तेव्हा मागच्या बाकावरच्यासुद्धा उठून पुढे आल्या. हे तुमच्यामुळे झालं, हे सांगायला मला संकोच नाही.

पण त्या 'विमेन'ची मला किळस आली. एकाच यादीत कोंबड्यांची वजनं आणि बायकांची वजनं. कोंबड्यांच्या बाबतीत निदान काय खाऊ घातलं ते तरी लिहिलंय. बायका कोण, कुठल्या, काय करत होत्या, काही नाही. उंची आणि वजन, झालं. त्या अमेरिकेत कुणी लांब आहेत म्हणून मी गप्प बसले, आणि सरळ रेषा खरंच चांगली शिकवता आली, तेही कबूल. मुलींना मात्र सांगितलं की आकड्यामागे माणूस असतं, ते कुठे गेलं ते विचारायला शिका.

तुमचा संच अजून बघितला नाही. यादी उघडली आणि लाइट गेली. आमच्याकडे दुपारचं भारनियमन असतं, तुम्हा पुणेकरांना ते काय माहीत. पुढच्या बुधवारी प्रात्यक्षिक आहे, तेव्हा वर्गातच उघडेन. मुलींबरोबर मलाही नवीनच असू दे.

एक गोष्ट मी इथे लिहून टाकते, तोंडाने सांगायला मला जमणार नाही. बाबांनी विचारलंय, पाडव्याला अंकुशनगरला होकार कळवायचा का. धाकटी बहीण माझ्या मागे ताटकळली आहे, आई आत्तापासून शेवया करायला बसली आहे, आणि यापुढे मला कुणी बघायला आलं तर मी फाटक लावायला जाईन ती परत येणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी 'हो' म्हणणार आहे ते या कशासाठी नाही. मला तुमच्याशी बोलायला आवडतं. पाडव्यापर्यंत वाट बघा.

आत्यांना नमस्कार. त्यांचा फोटो धुऊन आला असेल तर एक प्रत मला हवी आहे.

कौसल्या


पुणे
१४ मार्च २००३

प्रिय कौसल्या,

आता 'तू' म्हणतो. पाडव्याची वाट बघायची म्हणालीस पण उत्तर तर देऊन टाकलंस. आईला फोन करून सांगितलं, ती लगेच म्हणाली मुहूर्त काढते.

तू प्रात्यक्षिकात माझा संच उघडला असशील, नसशील तर आता उघडच. संचाचं नाव 'मुली'. तीन वर्षं आई माझ्यासाठी मुली बघत फिरली, भोकरदन, अंबड, परतूर, घनसावंगी, कुठे म्हणून जायची राहिली नाही. तिच्या डोक्यात सगळा घोळ व्हायचा, ही उंच ती की ती उंच ही. मी म्हटलं आपण नीट लिहून ठेवू. नावं घातलेली नाहीत, मी काही तितका अडाणी नाही. गाव, शिक्षण, उंची, बांगडीचं माप, रंग एक ते पाच, चाल, आणि शेवटी आईचा शेरा.

उंची कशी घेतली ते ऐकशील तर हसशील. मुलीला टेप लावता येत नाही ना, तिच्या घरच्यांना राग येतो. आमच्या झुंबर आत्याची उंची बरोबर पाच फूट दोन इंच. म्हणून आई प्रत्येक ठिकाणी तिला घेऊन जायची. आत्या मुलीशेजारी उभी राहिली, फोटो काढला, की घरी येऊन मुलगी किती बोटं वर किंवा खाली ते मोजायचं. आत्याला बिचारीला पत्ताच नाही, तिला वाटतं तिला मानाने नेतात. बांगडी वजनासाठी. हात भरलेला की वाळका, ते मापावरून कळतं. फाटक चालीसाठी. तुला जे जे चीड आणणारं वाटलं त्याला कसं शास्त्र होतं बघ!

खरं सांगतो, आलेख काढला तेव्हा मीच थक्क झालो. उंची आणि बांगडी यांचा संबंध अमेरिकेच्या 'विमेन'इतका सरळ नाही, पण आहे. तू सगळ्यांत वेगळा बिंदू आहेस, रेषेपासून लांब. मला तोच आवडला.

तुझाच,
जगन्नाथ


जालना
२२ मार्च २००३

जगन्नाथराव,

तुमचं पत्र गुरुवारी हातात पडलं. प्रात्यक्षिक बुधवारी झालं.

काय झालं ते ऐका. मी वर्गापुढे 'डेटा' लिहिलं, रिकामा कंस टाकला, यादी आली. मुलींपैकी एकीने वाचलं, "मॅडम, मुली म्हणून काहीतरी हाय." मी म्हटलं, आपल्या भागातला संच आहे, एका ओळखीच्यांनी बनवलाय, मागवा. बारा संगणकांवर बारा जणींनी तो मागवला. मीच शिकवलं होतं कसा मागवायचा.

गावं बघून आधी हसू फुटलं. आपलं भोकरदन, आपलं परतूर. मग हळूहळू कुणीच हसेना. केदारखेड्याची एक विद्यार्थिनी आहे माझ्याकडे, फार हुशार. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच धरून बसली. केदारखेड्याच्या ओळीत लिहिलंय, रंग दोन, चाल 'दोष', शेरा 'दाखवायला आणायलाच नको होती'. ती तिची थोरली बहीण बेबीनंदा. लहानपणी बैलगाडीवरून पडली, तेव्हापासून एक पाय ओढते. नावं घातली नाहीत म्हणता. आपल्या खेड्यात नाव लागतं कुठे? कुठल्या वर्षी कुणाच्या घरी कोण बघायला आलं होतं ते अख्ख्या गावाला माहीत असतं.

शेवटची ओळ पिंपळगाव रेणुकाईची, म्हणजे आमच्या मूळ गावाची. एम.एस्सी., संख्याशास्त्र. शेरा, 'तोंडाळ, पण कमावती'. बारा मुलींनी ती वाचली आणि बाराही जणींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या मुली इतक्या शहाण्या आहेत. मी संगणक बंद करा म्हणाले आणि बाहेर नळावर जाऊन उलटी केली. हे मी तुम्हाला लाजवण्यासाठी सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते.

माझ्याबद्दलचा शेरा मी गिळला असता. तोंडाळ आहेच मी. पण तुमच्या आत्या! स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी मला किती कौतुकाने सांगितलं होतं की वैनी मला हाताला धरून नेतात. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, कुणी ओटी भरू देत नाही. आणि ज्या एका घरातून त्यांना शुभकार्याला बोलावणं यायचं, तिथे त्या फूटपट्टी होत्या. तुम्ही ते मला हसायला लिहून पाठवलंत. माझं पत्र तीनदा वाचून तुम्ही हसलात, त्यातलं एक अक्षर तुम्हाला लागलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

तुमची मला आता किळस येते आहे. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे आणि लिहिताना मला रडू आलं, कारण सहा तारखेला मी दुसरंच काही लिहिलं होतं.

तरी घाईने निर्णय घेऊ नये म्हणून एक गोष्ट मागते. आत्यांना तोंडावर सांगा. त्यांना बघायच्या कार्यक्रमाला का नेत होते ते, तुमच्या तोंडाने, त्यांच्यासमोर बसून. ते सांगता आलं तर आपण पुढचं बोलू. पाडवा दोन तारखेला आहे.

कौसल्या गाडेकर


अंकुशनगर
२८ मार्च २००३

कौसल्या,

रजा काढून घरी आलो आहे, फक्त तुझ्यासाठी. तू मला काय काय म्हणालीस, तरी मी रागावलो नाही याची नोंद घे.

पहिली गोष्ट, झालं ते वाईट झालं. तुझी ओळ तुझ्या विद्यार्थिनींनी बघायला नको होती. मी ती काढून टाकली आहे. सोबत नवी सीडी पाठवतो. यादी उघड, संच मागव, बघ, पिंपळगाव रेणुकाई कुठेच नाही. तू आता त्या संचात नाहीस. तू घरची झालीस, मग तुला कशाला मोजायचं?

दुसरी गोष्ट, आत्याला सांगितलं. आई नको म्हणत होती, मी तरी सांगितलं. आत्या शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, उंचीचं, फोटोचं. ती हसली. अगदी मनापासून हसली आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, कशाच्या तरी उपयोगी पडले." तिला काही वाटलं नाही. तू उगाच तिच्या वतीने दुखावून घेतलंस. आपल्याकडच्या जुन्या बायकांना ह्या गोष्टींचं एवढं नसतं.

त्या केदारखेड्याच्या मुलीच्या बहिणीचं वाईट वाटतं, पण ते मी लिहिलं नव्हतं, आईचा शेरा होता. आणि पाय ओढते हे खरंच आहे ना? खरा आकडा लिहिणं हा गुन्हा असेल तर तुझंमाझं शास्त्रच बंद करावं लागेल.

आई म्हणते मास्तरीण पोरी तापट असतात, लग्न झालं की निवतात. मी तिला गप्प केलं. आता तू पाडव्याला होकार कळव आणि हे सगळं मागे टाकू.

जगन्नाथ


जालना
१ एप्रिल २००३

जगन्नाथराव,

नवी सीडी परत पाठवते आहे. जुनीतला तुमचा संच कॉलेजच्या सगळ्या संगणकांवरून काढायला लावला. प्रणाली मात्र ठेवते. ती तुमची नाही.

तुम्ही माझी ओळ काढलीत. तुम्हाला वाटलं मी माझ्या ओळीसाठी भांडते आहे. बेबीनंदा तिथेच आहे, परतूरची आहे, घनसावंगीची आहे, सगळ्या आहेत आणि तुमच्या संगणकात नाव लिहिलं की अजून समोर येऊन उभ्या राहतात. त्यांच्यातून मला एकटीला बाजूला काढून तुम्ही मला मान दिलात. तुमच्या आत्यांना जसा दिलात तसाच.

पाय ओढते हे खरं आहे. ती तुमच्यासमोर चालत आली हेही खरं आहे, दारापर्यंत जा म्हटल्यावर गेली आणि परत आली हेही. ते कुठल्या रकान्यात लिहिलंत?

एकच विचारते आणि थांबते. आत्या हसल्या म्हणालात. मी त्यांचं हसणं बघितलं आहे. हसताना पदर तोंडाला लावला होता का?

आमच्याकडून नकार समजावा. बाबांना मी सांगितलं आहे. आई माझ्याशी बोलत नाही आणि शेवया उन्हात तशाच पडल्या आहेत. मला वाईट वाटतं आहे, खूप वाटतं आहे, पण त्याचा तुमच्याशी आता संबंध नाही.

कौसल्या गाडेकर


अंकुशनगर
पाडव्यानंतरचा मंगळवार

कौसल्याबाईला झुंबर आत्याचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली हाय, अक्षर वाकडं येतं, समजून घे. हे पत्र मी कुणाला इचारून लिहून न्हाई राह्यले. पत्ता तुझ्या पत्रावरून घेतला.

जगन्नाथ पुन्यावून परत आल्ता, तुझी पत्रं घेऊन, मला वाचाया दिली. माझ्याजवळ येऊन बसला आन म्हनला, आत्या, तू त्या दिवशी हसलीस तव्हा पदर तोंडाला लावला व्हता का? त्याला आठवत न्हव्हतं. मी म्हनलं, न्हाई लावला. मंग तो उठून गेला. काय समजला काय न्हाई, देव जाने. पोरगं वाईट न्हाई बाई. पन त्याला कुनी काही सांगितलंच न्हाई कधी, सगळे त्याच्या हुशारीचं कवतिकच करीत राह्यले. मीबी केलं.

त्यानं सांगितलं तव्हा मी हसले, दुसरं काय करनार? दादाच्या घरात राहते, भावजयीच्या हातचं खाते. रडले असते तर वैनीनं धा दिवस तोंड फुगवलं असतं. रात्रीला अंगावर काटा आला. जिथं जिथं गेल्ते तिथं तिथं नवं लुगडं नेसून गेल्ते. लोकांच्या घरी पाटावर बसले, चहा पेले, आन समजले मला माणसात घेतलं. तुला सांगते, आधी मला माझीच किळस आली, मंग वैनीची आली. आता वैनीचीच हाय.

माझ्याजवळ ट्रंकेत ते सगळे फोटो हायेत. वैनी मोजून झाले की फेकून द्यायच्या, मी उचलून ठेवायची. मला वाटायचं यातली कोनतरी आपली सून व्हनार. बेबीनंदाचा बी हाय. ती मला म्हनली व्हती, आत्या, तुम्ही बसा, मी उभी राहते, तुमचे गुडघे दुखत असतील. मला गुडघ्याचं कुनी इचारलं न्हव्हतं तवर. वैनी म्हनल्या, न्हाई न्हाई, आत्याला उभंच राहू दे. तव्हा मला वाटलं, वैनी माझा मान ठेवून राह्यल्या.

काल परत एक पोरगी बघाया निघाले. परतूरकडची. वैनी म्हनल्या, झुंबरबाई, लुगडं बदला. मी म्हनलं, मी येत न्हाई. दारामागं लोखंडी टेप टांगलेला हाय, तेवढा घेऊन जा. जगन्नाथ जोडे घालून बसला व्हता, त्यानं जोडे काढून ठेवले. गेलेच न्हाई कुनी.

तुझी आई बोलत न्हाई म्हनलीस. बोलंल. पोटची लेक हाय, शेवया वाळायच्या आत बोलंल. तू मागितलेला फोटो धाडला न्हाई मी. त्यात आपन दोघी कशा उभ्या हाव ते आता मला बघवत न्हाई. म्हनून फाडला. राग धरू नको.

चैती पुनवेला मी रेणुकाईच्या दर्शनाला पिंपळगावला येनार हाय, एकलीच, एस्टीनं. तुझं गावच हाय ते. तू ये. जमलं तर केदारखेड्याच्या पोरीलाबी सांग, बहिनीला घेऊन ये म्हनावं. देवळाबाहेर एक फोटोवाला बसतो, मला माहीत हाय. आपन त्याच्याकून फोटो काढू.

या खेपेला समद्या खाली बसून काढू.

झुंबर आत्या